शेजारच्या धाकटीचा सिनेमा

आई, शेजारच्या काकीच्या धाकटीने सिनेमा काढलाय आणि तो तुझ्यावर आहे. नावं बदललीत तिने. पण अंबरनाथच्या एमआयडीसीतून पॅकिंगची पाळी संपवून गावातल्या बायका परत येतात, वाटेत रिक्षा उलटते, तिघी जातात आणि गावात चूल पेटत नाही. मग त्या तिघींतली एक तूच ना? त्याला मोठमोठी बक्षिसं मिळाली. पेपरात धाकटीचा फोटो आला. तो पेपर मी दुसऱ्या दिवशी शेंगांची टरफलं टाकायला घेतला.

काल बदलापुरात खास गावासाठी खेळ होता. टेम्पो भरभरून आपलं खरवई गाव गेलं. काकी पहिल्या रांगेत, नवं लुगडं नेसून. लेकीने हाताला धरून बसवली तिला. मी पार मागे. रिक्षा उलटली त्या आठवड्यात काकीची पाळी तुझ्याबरोबरच होती. धाकटीला ताप आला म्हणून त्या दिवशी काकी घरी राहिली. इतकी वर्षं मी त्या तापावर जळत आलेय, आई. मी ठणठणीत होते, शाळेत गेले होते. तिच्या तापाने तिची आई वाचली, आणि आता माझी आई गेली त्याच्या टाळ्याही तिलाच.

पडद्यावर तू चुलीपुढे बसलीयेस. शेजारची पोर समोर. "खा गं, तुझ्या आयला नको सांगू," म्हणत पहिली भाकरी तू तिच्या ताटात टाकतेस. सगळं थेटर मुसमुसतंय आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही. माझ्या वाट्याला तर कायम एकच, "पुस्तक धर, चुलीकडं फिरकू नको."

बाहेर धाकटी धावत आली. "ताई, कसा वाटला?"

"माझी आई पहिली भाकरी परक्याला देत नव्हती," मी म्हटलं.

तिचा चेहरा उतरला. काकी मधे पडली. "देत व्हती गं बाय. माझी पाळी दुसरी असली का ही तुमच्याकडंच जेवायची. तू आतल्या खोलीत अभ्यासाला. तुझी आय बोलायची, माझ्या पोरीला शिकू दे, तिच्यावर त्या रिक्षात बसायची पाळी नको."

माझा हात काकीने धरून ठेवला होता. सोडवून घ्यावासा वाटला, पण घेतला नाही. धाकटीला मात्र "छान झालाय" एवढं काही माझ्याच्याने म्हणवलं नाही. अजूनही म्हणवत नाही.

हे लिहिलेलं कुणाला दाखवणार नाही, तिला तर नाहीच. आज सकाळी डोळे मिटून तुला आठवायला गेले, तर त्या नटीचा चेहरा आला. मी तो घालवला नाही. तुझा चेहरा कित्येक वर्षांपासून मला नीट आठवतच नव्हता गं; कुणाला सांगितलं नव्हतं एवढंच.