बे पाऊण दीड

पनवेल
१४ मे २००९

तीर्थस्वरूप दादास,
निशाचा साष्टांग नमस्कार.

आम्ही इकडे ठीक. आबांचा खोकला कमी आहे. तुमची खुशाली विचारत नाही, तुझ्या बंगल्यातला डीजे परवापर्यंत आमच्या ओटीवर बसून ऐकत होतो. हाकेच्या अंतरावर राहून पत्र कसलं लिहिते म्हणून हसू नकोस. फोन तू उचलत नाहीस आणि समोरासमोर आलो की दोघंही ओरडतो. मग सगळं गाव ऐकतं आणि मुद्दा बाजूला राहतो. कागदावर तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

प्रणितचं लग्न छान झालं. सून गोड आहे, आबांच्या पाया पडताना उगाच लाजली नाही, हे मला आवडलं. सुमतीवहिनीने पाठवलेले लाडू पोचले. आबांनी नको नको म्हणत तीन खाल्ले.

आता कामाचं. वहिनी म्हणाली, तू मनस्वीचा दाखला काढणार आहेस. जूनपासून नवीन पनवेलची इंग्रजी शाळा. का, तर आत्या गणिताच्या नावाखाली पोरांना चिखल शिकवते. दाखला खुशाल माग. मुलगी तुझी आहे. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच, अर्ध्यावर फेकशील तर आबांची शपथ.

मी सहावीच्या मुलांना सांगितलं होतं, प्रत्येकाने घरातलं एक गणित आणायचं, पुस्तकातलं नको. बघता बघता वर्ग भरून गेला. मालूने तांदळाच्या पिठाला उकड काढताना पाणी किती ते आणलं. मागच्या बाकावरच्या आनंदाने कोलंबीच्या टोपलीला बर्फ किती ते आणलं, आणि बापाचं मोजमाप चुकतं असंही सांगून टाकलं. आगाऊ कार्टं! जी मुलं अपूर्णांक म्हटलं की बाकाखाली तोंड घालायची, ती पाऊण आणि सव्वावरून भांडायला लागली. दादा, चौदा वर्षं शिकवतेय, असा वर्ग मला कधी मिळाला नव्हता.

तुझ्या लेकीने भावाच्या लग्नाची पत्रिका आणली. ‘वैशाख वद्य द्वितीया. सकाळी अक्षता, नंतर मान्यवरांचे सत्कार, दुपारी दीड वाजता भोजन. स्थळ : खाडीकिनारी.’ ती म्हणाली, बाई, यात कसलं गणित? (वर्गात ती मला बाई म्हणते, आत्या नाही. ते तिचं तिनेच ठरवलं.) मी म्हटलं, आजोबांना विचार.

आबांनी तिला पाऊणकी शिकवली. आपल्याला शिकवली होती तीच, मिठागरावर जाताना म्हणून घ्यायचे ती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहा, चतुर्थीला तीन. मनूने फळ्यावर लिहिलं, बे पाऊण दीड. मग पत्रिकेकडे बघितलं, आणि खडू तिच्या हातात तसाच राहिला. म्हणाली, ‘बाई, जेवायच्या वेळेला पाणी येणार!’

तिथे मी गप्प बसायला हवं होतं, असं तुझं म्हणणं. का बसू? मी म्हटलं, खरं-खोटं बघून येऊ. चैत्रातल्या वद्य द्वितीयेला दुपारी आख्खा वर्ग घेऊन मी त्या जागेवर गेले. दीडच्या सुमाराला पाणी आलं, तुझं स्टेज जिथे उभं राहायचं तिथे घोट्याएवढं. मुलांनी पाण्याच्या रेघेवर बांबू रोवला आणि लाल चिंधी बांधली. एवढंच आमचं पाप.

तू जागा बघायला यायचास सकाळी सातला, साइटवर जायच्या आधी. त्या दिवसांत सातला ओहोटी असते, तुला कोरडा चिखल दिसायचा. मांडववालाही तुझ्याच गाडीतून यायचा, त्यालाही तोच दिसला. आणि तुझ्या डोक्यात आपलं लहानपण. ‘तिथं पाणी कधीच येत नाय,’ हे तू मला दहा वेळा ऐकवलंस. खरंय, तेव्हा नव्हतंच येत.

बांधाबद्दल मी लिहिणार नव्हते. वहिनीला तसा शब्दही दिला होता. पण लिहिल्याशिवाय हे गणित सुटत नाही, तर लिहितेच. तेव्हा पाणी येत नव्हतं कारण तिथे आबांचा बांध होता. दर पावसाळ्याआधी हा माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून तो लिंपायचा, आणि आपण दोघं डोक्यावर मातीची घमेली घेऊन मागे असायचो. भरावाचे डंपर आत जावेत म्हणून तू तो फोडलास, आणि विसरलास! खाडीकाठच्या माणसाने बांध फोडून वर म्हणावं पाणी येत नाही? तू पाणी येत नाय म्हणालास तेव्हाही आबा तुला काही बोलले नाहीत. घरी आल्यावर मला एवढंच म्हणाले, ‘त्याला सांगू नको, त्याला वाईट वाटंल.’ मी सांगतेय. वाटू दे वाईट.

तर कुणीतरी तुझे कान भरले आणि तू सोमवारी तडक वर्गात आलास. चपला घालून. फळा पुसलास. ‘लग्नाला अपशकुन करतात ही पोरं,’ असं म्हणालास, आणि तुझ्या लेकीला सगळ्यांसमोर उभी करून म्हणायला लावलंस, ‘माझं गणित चुकलं.’ ती म्हणाली. दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणायला लावलंस, तेव्हाही म्हणाली. मी मध्ये पडले, तर तू मला म्हणालास, ‘तू गप. तुला संसार नाय, तुला काय कळतंय?’ ते मी सोडून दिलंय. पण त्या दिवशी मनूचा चेहरा बघितलास का रे? बघितला नसशील. तू बांबू उपटायला निघाला होतास.

वार्षिक परीक्षेत तिने गणिताचा पेपर कोरा दिला.

हे तुला माहीत नाही. मी वहिनीलाही सांगितलं नाही, लग्नघरात नको म्हणून. माझी सगळ्यात हुशार मुलगी, कोरा पेपर. बाजूला बसवून विचारलं, तर म्हणाली, ‘आत्या, उत्तर बरोबर आलं की बाबा रागावतात.’ ऐकतोयस ना दादा? तुझ्या पोरीने गणित सोडून दिलंय, कारण तिला ते येतं.

आता लग्नाचा दिवस. मी यायची नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मी आले, नऊवारी नेसून आले, आणि आबांची खुर्ची मुद्दाम रस्त्याच्या उंच बाजूला लावली. अक्षता पडल्या आणि तू माईक हातात घेतलास. मला वाटलं, आता सुरू झाले सत्कार. मान्यवर शाली घ्यायला ताटकळत बसलेले, आणि तू काय म्हणालास? ‘ऊन फार आहे, आधी जेवून घ्या.’ दादा! तू, आणि सत्कार रद्द? वहिनीने मला नंतर सांगितलं, आचाऱ्याला तू आदल्या दिवशीच बजावलं होतंस, एकच्या आत शेवटची पंगत उठली पाहिजे. एकनंतर तू घड्याळाकडे कितीदा बघितलंस ते मी बघत होते. स्टेजवरचा सोफा सगळ्यात आधी टेंपोत चढला. मागोमाग खुर्च्या.

मग पाणी आलं. पाच-सात मिनिटं उशिरा आलं. पाऊणकी अंदाजाची असते, हे मी मुलांना आधीच सांगितलं होतं. हिरवा गालिचा भिजला, बाकी कुणाचं काही गेलं नाही. लोक ओरडत होते, हसत होते, फोटो काढत होते. आणि तू पँट वर दुमडून सगळ्यांना सांगत होतास, ‘उन्हामुळे लवकर उरकलं म्हणून वाचलो. देवाची कृपा.’

मनू माझ्याजवळ उभी होती. पाण्याकडे बघत नव्हती, तुझ्या तोंडाकडे बघत होती. तुझं बोलणं ऐकलं आणि मला विचारलं, ‘आत्या, म्हणजे माझं चुकलंच होतं ना?’

ऊन काय पहिल्यांदा पडलं होतं वैशाखात? एवढ्या माणसांना तू वेळेवर जेवू घातलंस ते कुणाच्या उत्तरावर? आतल्या आत तू तिच्यावर विश्वास ठेवलास, मला ते दिसलं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझा जुना दादा दिसला. पण तिला ते कसं दिसणार? तिने फक्त ऊन ऐकलं.

म्हणून मला माफीबिफी नको. माझ्यासाठी काहीच नको. मी पाऊणकी शिकवत राहणार आणि मुलांना खाडीवर नेत राहणार. त्यासाठी वरपर्यंत तक्रार करायची तर कर, सही कुठे करायची ते मी दाखवते. मनूला इंग्रजी शाळेत घाल, ती तिथेही चमकेल. पण ‘माझं चुकलं’ हे डोक्यावर घेऊन ती इथून जाणार नाही. मी जाऊ देणार नाही.

शाळा पंधरा जूनला उघडते. पहिला तास गणिताचा. तू पुसलेलं गणित मी त्याच फळ्यावर पुन्हा लिहून ठेवणार आहे, वैशाख वद्य द्वितीया, भरती किती वाजता, आणि खाली उत्तराची जागा मोकळी. ये. चपला बाहेर काढ. जिथे तिला उभी केली होतीस तिथे आता तू उभा राहा आणि पोरांसमोर उत्तर लिही. खडू मनूच्या हातात असेल, तो तुला तिच्याकडून मागून घ्यावा लागेल.

तुझ्याहून लहान, पण तुझ्या लेकीची बाई,
निशा