बिडाच्या तव्याला चार हात

ता. ४ जून

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

तू घर सोडल्याला सात महिने झाले आणि पहिलं पत्र लिहितेय ते तव्यासाठी. रागावू नकोस. तुझ्या आईचा बिडाचा तवा दादाने साबणाच्या पाण्यात भिजत टाकला आणि जमीनमोजणीच्या कामावर तीन दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर तवा गंजून नारिंगी. मला बोलावून म्हणाला, तिला उपाय विचार, पण मी विचारलंय असं सांगू नकोस. म्हणून सांगत नाही.

पुस्तकबांधणीचं काम कसं आहे? खळीने बोटं सोलायची, ती बरी झाली का?

माया आटू देऊ नकोस.
तुझी नणंद
(कागदोपत्री अजून आहे)


ता. ११ जून

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

बोटं बरी आहेत. तवाही होईल. तारेच्या घासणीने गंज निघेपर्यंत घासायचा, धुवायचा आणि लगेच आचेवर कोरडा करायचा. कोमट असताना आतून-बाहेरून तेलाचा हात द्यायचा, मग ते चुकून लागलंय असं समजून फडक्याने सगळं पुसून काढायचं. ओव्हनमध्ये पालथा ठेवून तासभर कडक तापवायचा, आतच निवू द्यायचा. असे चार हात.

ज्याने भिजवला त्यानेच हे करायचं, तू नाही. त्या घरात सगळ्याचंच भिजत घोंगडं असायचं. नळ गळो की मी काही विचारो, उत्तर एकच, बघू.

आहे तो जिव्हाळा जप.
वहिनी


ता. २५ जून

प्रिय वहिनीस,
सा. न. वि. वि.

दादानेच केलं. पहिल्या खेपेला तवा इतका चिकट झाला की माशी बसली असती तर तिथेच राहिली असती. मी म्हटलं, राहू दे आता. त्याने सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सवयीप्रमाणे प्रत्येक हाताची वेळ वहीत टिपतो. आता चार झालेत. त्यात टोमॅटो शिजवला तर चालेल का, असं विचारत होता. आणि तू तवा मागे का ठेवलास, हेही. जड असेल, असं मी सांगून टाकलं.

तुझीच,
धाकटी


ता. २ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

चिकटला म्हणजे तेल जास्त झालं. सुरुवातीला टोमॅटो, लिंबू नको, आंबट तेलाचा जमलेला थर खातं. रोज वापरून झाला की धुवून लगेच आचेवर वाळवायचा आणि तेलाचं पुसट बोट फिरवायचं. एवढंच. पण ते रोज.

तवा जड नव्हता. पंधरा दिवसांत परत येईन असं मला वाटलं होतं. त्याने जा म्हटलं नव्हतं, पण ये असंही कधी म्हटलं नाही. हे त्याला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

वहिनी


ता. १४ जुलै

वर काय लिहावं ते सुचेना, म्हणून मायना मोकळा सोडला आहे.

धाकटीने तुझं पत्र वाचायला दिलं. सोबतच्या पार्सलात तवा आहे. तो तुझ्या आईचा. तो इथे ठेवायचा म्हणजे तू येशील असं धरून चालायचं, आणि तसं धरून चालायचा हक्क मला नाही. तेव्हा विचारायला हवं होतं, ते आता विचारतो. येशील का? नाही म्हणालीस तरी तवा तुझाच आहे. मी माझ्यासाठी नवा आणला आहे. त्याला दोन हात झालेत.

उत्तराची घाई नाही, वाट मात्र आहे.


ता. २३ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तवा पोचला. काळाभोर झालाय, कडेला एक ओघळ राहिलाय. अंडं घालून पाहिलं, सुटून आलं.

येईन असं मी अजून म्हटलेलं नाही. तुझ्या दादाला रविवारी इथे जेवायला बोलावलं आहे. जे बोलायचं ते समोरासमोर बोलू. इतके दिवस तू दोघांचे निरोप वाहिलेस, त्याचं ऋण आहेच. रविवारी मात्र तू येऊ नकोस.

तुझी,
वहिनी