चार माणसं खाली

जरीपटका, नागपूर
२३ मे १९७४

चि. रुपराव यास बळीरामकाकाचा जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझा खोकला गेला का? सूनबाईची कंबर कशी आहे? पोरीले दात आले का? तुझ्या आईचे गुडघे या उन्हात बरे आहेत. बिघडली ती आपल्या प्रेमिलाची सोयरीक.

काल तू कप्तान असलेल्या विमानातून चार माणसं उतरवली, त्यात रामदासपेठेतले गोपाळराव होते. तुझ्या बहिणीचे होणारे सासरे, गा! भाचीच्या लग्नाले मुंबईले निघाले होते. तसेच आपल्या घरी आले नि म्हणाले, ज्या घरचा पोरगा वरबापाले बसल्या जागेवरून उठवते, त्या घरची पोरगी आम्हाले नको. काहून केलं असं? मी गिरणीतला फिटर, विमानातलं मले कळत नाही. पण एका माणसानं विमान जड होते का? माफीच्या दोन ओळी लिही, मी नेऊन देतो.

तुझा,
बळीरामकाका

मुंबई
२७ मे १९७४

ती. काकांस सप्रेम जयभीम.

खोकला गेला, घरी दोघी बऱ्या आहेत.

त्या दुपारी नागपुरात शेहेचाळीस डिग्री ऊन होतं. तापलेली हवा पातळ होते, तिच्यात पंखांना उचल मिळत नाही. भरलेलं विमान धावपट्टी संपायच्या आत उठेल, याची मला खात्री नव्हती. मुंबई गाठायची तर इंधन कमी करता येत नाही, म्हणून चार माणसं कमी करा असं मी सांगितलं. ज्यांनी सगळ्यात शेवटी तिकीट घेतलं, त्या चौघांची नावं ऑफिसनं यादीतून काढली. गोपाळराव तुमचे सोयरे, दुसऱ्याला उतरवू का, असंही त्यांनी मला विचारलं. मी नाही म्हणालो. सगळ्यांचा जीव कप्तानाच्या हाती. आज सोयरा पाहून यादी बदलली, तर उद्या वजनाचा आकडाही बदलेन.

चुकलो ते एवढंच, की निरोप दुसऱ्याच्या तोंडी धाडला. स्वतः जाऊन हात जोडायला हवे होते. त्याची माफी सोबतच्या चिठ्ठीत आहे, उतरवल्याची नाही. प्रेमिलाचं लग्न त्यावर मोडलं, तर तिला काय सांगू ते तुम्हीच कळवा.

आपला,
रुपराव

जरीपटका
१ जून १९७४

चि. रुपराव यास अनेक आशीर्वाद.

चिठ्ठी घेऊन गेलो, तर प्रेमिला हट्टानं संग आली. गोपाळरावांनी चष्मा पुसून दोनदा वाचली. मग तिलेच विचारलं, तू कप्तान असती तर मले उतरवलं असतं का? मी तिचा पदर ओढून राहिलो, तरी पोरगी म्हणाली, उतरवलंच असतं, पण आधी गिलासभर पाणी दिलं असतं.

 गोपाळरावांनी आतून कॅलेंडर मागवलं. लग्न सोळा जूनले, रविवारी. राग अजून आहे. तुले विमानानं नाही, आगगाडीनं यायले सांगितलं आहे.

सुट्टी मिळाली का, ते उलट टपाली कळव.

तुझा,
बळीरामकाका