सदुसष्ट हॉटडिश आणि एक फ्लॉपी

३ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ७.

आजपासून रोजनिशी. वहीत लिहितोय, कारण माझ्या कंप्युटरवर एका वेळी एकच काम चालतं आणि ते काम काल ठरलं. हल्लीच्या कंप्युटरवर दहा कामं एकदम चालतात आणि एकही धड होत नाही.

आमच्या चर्चला सव्वाशे वर्षं होतात म्हणून बायकांच्या हॉटडिशचं (एका भांड्यात सगळं घालून ओव्हनमध्ये भाजायचं जेवण) पुस्तक काढायचंय. सदुसष्ट पाककृती, ६ नोव्हेंबरला छापखान्यात. समितीची प्रमुख सोल्व्हेग ब्योर्नस्टाड काल बैठकीत म्हणाली, सगळ्यांनी कार्डाचे फोटो मला फोनवर पाठवा, मी जुळवून घेते. मी उठून उभा राहिलो. विचारलं की या गावात पहिला कंप्युटर कोणी चालवला? चौऱ्याऐंशी साली, धान्याच्या सोसायटीत? पाद्रीणबाई म्हणाल्या, कॉफी घ्या. म्हणजे काम माझ्याकडे आलं.

घरी येताना लव्हॉनने गाडीत विचारलं की तो खोका अजून चालू होतो का. सेहेचाळीस वर्षं संसार करूनही बायकोचा विश्वास नाही.

५ ऑक्टोबर, गुरुवार

चालू झाला! गॅरेजमध्ये टेबल मांडलं. काळा पडदा, हिरवी अक्षरं. चित्रं नाहीत, माउस नाही, कोपऱ्यात हवामान नाही. हुकूम टाइप करायचा, तो पाळतो. हुकूम चुकला तर 'चूक' म्हणतो आणि गप्प बसतो. कुठे चुकलं ते सांगत नाही. ते आपलं आपण शोधायचं.

सुरू करताना तारीख विचारतो. मी नुसतंच बटण दाबलं तर त्याने १ जानेवारी १९८० धरली. तेव्हा मी तीस वर्षांचा होतो आणि डोक्यावर केस होते. दुरुस्त केली नाही.

९ ऑक्टोबर, सोमवार

सगळी कार्डं आली. बुटाच्या दोन खोक्यांत. सगळ्यात वर लव्हॉनच्या आईचं, हुल्डाबाईंचं, रानतांदळाच्या हॉटडिशचं. कोपऱ्यावर त्यांच्या लोणी लागलेल्या अंगठ्याचा डाग आहे. लव्हॉनने ते दोन्ही हातांनी दिलं आणि दोनदा बजावलं की हे परत पाहिजे. मी म्हटलं, अगं, एकदा फ्लॉपीवर गेलं की कार्डाला विचारतो कोण. ती म्हणाली, मी विचारते.

प्रत्येक फाइलीचं नाव पद्धतशीर ठरवलंय. आधी हॉटडिश, मग आडवी रेघ, मग बाईचं नाव. पद्धत नसेल तर कंप्युटर काय कामाचा.

१४ ऑक्टोबर, शनिवार

अकरा झाल्या. लिहिताना मागच्या ओळीवर परत जाता येत नाही. चूक झाली तर पाककृती पहिल्यापासून. ईडाबाईंची चार वेळा लिहिली. पण यामुळे माणसाला विचार करून लिहायची सवय लागते. चौथ्या वेळी मी विचार करून मिरी गाळली, कारण ती कुठल्या ओळीत होती ते सापडेना.

आणखी एक मोठा गुण. हा कंप्युटर फालतू प्रश्न विचारत नाही. लव्हॉनच्या लॅपटॉपवर काही जपून ठेवायचं म्हटलं की तो सासूसारखा मागे लागतो: नक्की का? या नावाचं आधीच आहे, ते पुसू का? माझा मुकाट्याने लिहून घेतो. मोठ्या माणसांना मोठ्यांसारखं वागवतो.

१५ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थनेनंतर सोल्व्हेग गॅरेजमध्ये पाहायला आली. बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, वेगळं आहे. आमच्याकडे घास घशाखाली उतरेना की लोक असं म्हणतात. पण तिने चांगल्या अर्थानेच म्हटलं असणार.

तिच्या आडनावातल्या ओवर तिरकी काडी लागते, नॉर्वेजियन लोकांची. मशीनमध्ये ते अक्षरच नाही. आम्हा स्वीडिश लोकांची तिन्ही अक्षरं मात्र आहेत. मी म्हटलं, मशीनला पारख आहे. ती हसली नाही. दारात उभी राहून लव्हॉनशी पाऊण तास कुजबुजली. निरोप घ्यायला आमच्याकडे तेवढा वेळ लागतोच.

२१ ऑक्टोबर, शनिवार

एकतीस! आणि फ्लॉपी अजून भरायला तयार नाही. मला वाटलं होतं चार तरी लागतील. काय ती बचत! जुनं ते सोनं म्हणतात ते उगाच नाही. लव्हॉनच्या फोनमध्ये या फ्लॉपीच्या लाखोपट जागा आहे म्हणे, आणि तो दर आठवड्याला 'जागा संपली' म्हणून रडतो.

संकल्प: रोज पाच पाककृती, नाश्त्याच्या आधी.

२७ ऑक्टोबर, शुक्रवार

संकल्प मोडला, पण थंडीमुळे. गॅरेजमध्ये बोटं आखडतात. लाकडाची शेगडी पेटवली. पेटवण म्हणून टाइप झालेली कार्डं चांगली लागतात, वर्षानुवर्षांचं लोणी मुरलेलं आहे ना. समितीला कार्डं परत नकोच होती, मीच बैठकीत म्हटलं होतं की मला कागदाची अडगळ नको.

आज लव्हॉन म्हणाली, एकदा उघडून तपासून तरी बघ. तपासायचं म्हणजे लिहिणं बंद करायचं, एका वेळी एकच काम. आणि तपासणं म्हणजे मशीनवर संशय घेणं. चाळीस वर्षांत त्याने मला एकदाही दगा दिलेला नाही. त्यातली छत्तीस तो पोटमाळ्यावर होता, पण तरी.

२ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ४.

संपलं. सदुसष्ट. वेळ उरला म्हणून अडुसष्टावी माझी घातली: वर्नर एकस्ट्रमची हॉटडिश. गायीचा खिमा, डबाबंद मशरूम सूप, वर बटाट्याच्या गोळ्या. कार्डबिर्ड काही नाही, थेट मशीनमध्ये. पुस्तकात एका तरी पुरुषाचं नाव असावं.

शेवटची कार्डं शेगडीत. छान ऊब आली.

५ नोव्हेंबर, रविवार

उद्या छापखाना. आज पहिल्यांदा यादी मागितली.

एक फाइल.

पुन्हा मागितली. एकच. मशीन बंद करून चालू केलं. एकच.

संध्याकाळी ६.

माळ्यावरून माहितीपुस्तक काढलं. पान चौदा. फाइलीच्या नावाची पहिली आठ अक्षरंच धरली जातात, पुढची सोडून दिली जातात. हॉटडिशची इंग्रजीत सात अक्षरं होतात. आडवी रेघ आठवी. बाईचं नाव नवव्यापासून. म्हणजे सगळ्या फाइलींचं नाव एकच, आणि प्रत्येक नवी आधीच्या फाइलीच्या डोक्यावर जाऊन बसली. न विचारता. मोठ्यांसारखं वागवत.

चौऱ्याऐंशीत हे पान मीच सोसायटीतल्या लोकांना वाचून दाखवलं होतं. समासात माझ्याच अक्षरात लिहिलंय: महत्त्वाचं.

जी एक उरली, ती माझी.

हुल्डाबाईंचं कार्ड वेगळं काढून ठेवलं होतं. मला स्पष्ट आठवतं. नंतर दोन्ही खोकी उलटी केली. सगळं गॅरेज पालथं घातलं. मग शेगडीतली राख चाळली. हे मला लव्हॉनला सांगता येणार नाही.

६ नोव्हेंबर, सोमवार

सांगितलं. सकाळी, ती अंडी फोडत असताना. आधी म्हणालो वीज गेली होती. मग म्हणालो दमट हवा. मग खरं सांगितलं, आणि सांगताना रडलो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, हातात टोस्ट.

तिने गॅस बंद केला आणि खिशातून फोन काढला. सदुसष्ट कार्डांचे सदुसष्ट फोटो. खोकी माझ्याकडे देण्याआधीच काढलेले. फोनने आपणहून त्यांची आणखी एक प्रत कुठेतरी वर ठेवली होती, कोणी न सांगता. सोल्व्हेगने त्यावरून अख्खं पुस्तक जुळवून शुक्रवारीच छापखान्यात धाडलंय. तिच्या ओची काडी शाबूत आहे. मी विचारलं, मग मला का करू दिलंत? लव्हॉन म्हणाली, तू ऑक्टोबरभर किती खुशीत होतास.

मग तिने आईच्या कार्डाचा फोटो मोठा केला. डाग दिसतो. ती म्हणाली, दिसतो, पण हाताला लागत नाही. कोट घालून बाहेर गेली आणि बर्फ नसताना गाडीची काच खरवडत बसली. मला फार वाईट वाटलं. मशीनला दोष द्यायला तोंड उघडलं, पण घरात कोणी नव्हतं.

३ डिसेंबर, रविवार

पुस्तक आलं. देखणं आहे. हुल्डाबाई पान एकवर, डागासकट. मागे आभार आहेत. माझंही नाव आहे, खुर्च्यांच्या घड्या घालून ठेवल्याबद्दल.

माझी हॉटडिश नाही. दोनदा चाळलं. बरोबरच आहे, कार्ड नव्हतं तर फोटो कशाचा काढणार. सदुसष्ट पाककृती पुस्तकात आहेत आणि फ्लॉपीवर नाहीत. एक फ्लॉपीवर आहे आणि पुस्तकात नाही. कोणी विचारलंही नाही.

जेवताना मी हे हळूच लव्हॉनच्या कानावर घातलं. महिनाभर ती माझ्याशी बेताचंच बोलते आहे. म्हणाली, छापून आण, आपल्या प्रतीत चिकटवते. गॅरेजमध्ये गेलो. प्रिंटरची शाईची फीत वाळून कोळसा झालेली. कागद फरफर बाहेर आला, पूर्ण कोरा.

शेवटी पडद्यावर बघून पेन्सिलीने एका कार्डावर उतरवून काढली. उतरवताना अंगठ्याचं लोणी कोपऱ्याला लागलं. लव्हॉनने कार्ड हातात घेतलं, डागाकडे जरा वेळ बघितलं, आणि वाचायच्या आधी त्याचा फोटो काढला.