पयलं काम दांड्याचं

२ मार्च १९९७
आजपास्नं डायरी. बाजारातल्या व्यापाऱ्यानं ह्यांना दिलेली, हे काय लिवत न्हाईत. मी चौथी शिकले, तेवढं पुरे.
ह्यांनी जीप आणली. नावड्याच्या खाणीवरची, जुनी, फोर व्हील. दारं न्हाईत. म्हणे वैष्णवीचं जावळ गावच्या डोंगरावर देवाच्या दारातच काढायचं, जीप थेट वर नेणार. एसटी खाली फाट्यालाच थांबते. तारीख ठरली, ३० मार्च.
मी घाबरत न्हाई. पण अकरा महिन्यांचं लेकरू त्या डबड्यात घालून मी जाणार न्हाई. म्हणजे न्हाईच.

४ मार्च
आज बोलणार होते. ह्यांनी भाजी चांगली झाली म्हटलं. उद्या बोलीन.

५ मार्च
बोलले. म्हणाले, तुला भ्या वाटतंय व्हय? मी म्हटलं, मला कशाचं भ्या? इथंच चुकलं.
मी बारा वर्षांची असताना आमच्या गावची वडाप जीप, भाड्यानं माणसं भरून नेणारी, दरीत गेली. सखूआत्या होती तिच्यात. ह्यांना सांगितलं न्हाई. म्हणतील भित्री.
आता नवी युक्ती. जीपला कामं सांगत ऱ्हायचं. काम संपंना तर जीप निघंना. मी काय अडाणी हाय?

९ मार्च
महाप्याला शहाजीच्या गॅरेजात गेलो. शहाजी ह्यांच्या गावचा मिस्त्री, दात कमी, बोलणं जास्त. म्हणतो, वहिनी, पयलं काम कुठलं करू? ह्यांना मोठे टायर पायजेत. शहाजीला पुढं विंच पायजे. म्हणजे लोखंडी दोराचं चाक. गाडी चिखलात रुतली की दोर झाडाला बांधायचा, गाडी स्वतःच स्वतःला वढून काढते. मी म्हटलं, जी रुतणार हे आदीच ठाव हाय, तिच्यात बसायचं कशाला? दोघं हसले. मी जोक केला न्हवता.
मग शांत डोक्यानं सांगितलं, पयलं काम दांड्याचं. जाड पाइपांचा पिंजरा, उलटली तरी डोकं वाचंल. आत पकडायला दांडा. आन पोरीची झोळी टांगायला दोन कड्या. मनात म्हटलं, एवढं वेल्डिंग, त्यात शुक्रवारी लाइट नसते, महिना सहज जातोय.
शहाजी ह्यांना म्हणाला, उदयसिंगराव, टायर ऱ्हावू द्या, वहिनीला गाडीतलं कळतं.
कळतंच.

११ मार्च
पिंजरा तयार. शहाजी म्हणतो, वहिनीनं पयल्यांदा कायतरी मागितलं, जेवायला बी उठलो न्हाई. मेल्याला कुणी सांगितलं होतं?

१२ मार्च
टायरला हो म्हटलं. तसले मोठे मिळायला लई दिवस लागतात म्हणे.

१३ मार्च
मिळाले.

१५ मार्च
देव हाय! टायर मडगार्डला घासतात. जीप सरळ जाते, वळत न्हाई. शेजारच्या अरुणाताईंना पेढा दिला. कशाचा गं? म्हणाल्या. म्हटलं, असंच.

१६ मार्च
शहाजीनं मडगार्ड कापलं. वळते.

२० मार्च
ट्रायल. खाणीचा चढ. पोरगी झोळीत, मी दांडा दोन्ही हातांनी धरलेला. डोळे मिटले ते धुळीमुळं. अर्ध्या चढाला शहाजीनं गाडी थांबवली, काय तुटलं म्हणून खाली वाकून बघून आला. आवाज माझा होता.
पोरगी मात्र दुसऱ्याच खड्ड्याला झोपली. घरी तास तास रडती ती.

२४ मार्च
फायनल. मी आन पोरगी एसटीनं. ठणकावून सांगितलं. हे म्हणाले, बरं.

२७ मार्च
चार दिस पोरगी झोपली न्हाई. घरच्या झोळीत घातलं की पाठ ताठ करती. अरुणाताई आल्या, सुनयना, आमच्या ह्यांना सकाळी ऑफिस असतं गं, कायतरी कर. शेवटी खाली जीपच्या झोळीत घातली. ह्यांनी इंजिन चालू केलं. लगेच झोपली. बाईसाहेबांना घरघर पायजे.
फक्त ह्या येळेपुरतं जीपनं जायचं.

३० मार्च
पोचलो. घाट कसा होता ठाव न्हाई, धूळ फार. वर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, उतर की गं. म्हटलं, उतरते. बोटं दांड्यावरनं सुटंनात. हे आले, एकेक बोट सोडवलं. हळूच म्हणाले, वळणाला सखूआत्या आठवली व्हय? ह्यांना कुणी सांगितलं? म्हटलं, न्हाई, मुंग्या आल्यात.
जावळ मामाच्या मांडीवर काढतात. माझा भाऊ विलास मांडी घालून तयार, न्हावी तयार, पोरीचा टाहो. शेवटी विलासला जीपमध्ये बसवला, झोळी त्याच्या मांडीवर टेकवली, इंजिन चालू. झोपली. न्हावी म्हणाला, आख्खी गाडी थरथरती, वस्तरा कुठं धरू? कात्रीनंच उरकलं. एका बाजूला टक्कल, एका बाजूला झुडूप.
बायका म्हणाल्या, झोळीची आयडिया कुणाची? मी तोंड उघडणार, तेवढ्यात हे म्हणाले, आपलीच.

२ एप्रिल
घरी आलो. आजपास्नं त्या जीपमध्ये पाय ठेवणार न्हाई. ह्या येळी पक्कं. ह्यांना सांगितलं, शहाजीला बी निरोप दिला.
हे बाजारात गेलेत. चावी फिरवायला मीच शिकले.
अक्षर वाकडं येतंय. काय करणार, इंजिन बंद केलं की ती उठती.