स्नूकबरोबर कुठली, हरणाबरोबर कुठली

प्रिय लेझान,

अक्षर ओळखून पाकीट चुलीत टाकू नकोस. हात तुझ्या आईचा असला तरी तोंड माझं आहे, आणि माझ्या तोंडावर तुझा राग नाही.

मासेवाल्या डॅन्टीबरोबर तुझा निरोप पोचला. येत्या शनिवारी खानावळ उघडतेस, विस्तवावरचा स्नूक मासा आणि हरणाचं मांस करतेस, सोबत वाईन कुठली ठेवू म्हणून विचारलंस. निरोप एकट्या मला होता, पण डॅन्टीचा आवाज तुला ठाऊक आहे, भर समुद्रातून बोलला तरी चर्चमध्ये ऐकू येतो. तुझ्या आईने, मॅग्रिटाने, कणीक तशीच टाकली आणि म्हणाली, “जिथे दारू ओततात त्या उंबरठ्यावर मी पाय ठेवणार नाही. पोटची पोर असली तरी.” हेच ती तुला फोनवर म्हणाली, आणि तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस. एक खेचर, दुसरी खेचराची पोर. मूळ खेचर मीच, तेव्हा मला बोलायला जागा नाही.

तर आधी हरीण. शिकारीचं मांस म्हटलं की शहरातले लोक काळीकुट्ट, जड वाईन मागतात, जणू हरीण नव्हे, सिंहच मारून आणलाय. आपल्या स्प्रिंगबोक हरणाच्या अंगावर चरबी ती किती? जड वाईन दिलीस तर घास चामड्यासारखा लागेल. सहकारी वाईन-तळघरातली साधी सॅन्सो घे, हलकी लाल. जून म्हणजे आपला ऐन हिवाळा, मागच्या पडवीत ठेवलीस की पुरेशी गार. रानकोंबडी केलीस तर तिलाही तीच.

तू म्हणे सोनेरी चिठ्ठीच्या महागड्या बाटल्या मांडणार आहेस, डॅन्टीने तेही सांगितलं. का ते मला कळतं. स्वस्त वाईन म्हटली की तुला डॉप आठवतो. बाई गं, डॉप तू पाहिलेला नाहीस. मी पाहिलाय. सकाळी मळ्यावर गेलं की पत्र्याच्या डब्यातून वाईन, दुपारी वाईन, सुटताना वाईन, आणि ती मजुरीत धरलेली. बाजारात न खपणारा गाळ आमच्या माणसांच्या घशात. तुझा आजोबा अपोल्स एक द्राक्ष चावून सांगायचा, यंदा पिंपात काय उतरणार. तोच संध्याकाळी कुंपणापाशी आडवा, आणि तुझी आई, शाळेचा झगा अंगावर, त्याला हातगाडीत घालून घरी आणायची. पोरं मागे हसायची. (हे लिहिणार नाही म्हणाली. मी म्हटलं, लिही, तिला कधी सांगितलंस तू?)

म्हणून नीट ऐक. डॉप मागावा लागत नव्हता, तो आपोआप हातात यायचा. तुझ्याकडे मागितल्याशिवाय कुणाच्या पेल्यात थेंब पडता कामा नये. भांडी घासणाऱ्या बाईला मजुरी रोख दे, पुरी दे, उरलेली बाटली तिच्या हातात कोंबून उपकार करू नकोस. एवढं पाळलंस तर सगळ्यात स्वस्त वाईनही ताठ मानेनं ओत.

राहिला मासा. मी सांगितलं, स्नूकलाही तीच लाल चालव, दोन-दोन वाईन कशाला. तर लेखणी थांबली. मी म्हटलं, काय झालं, शाई संपली? मॅग्रिटा म्हणाली, “तिला असलं काही सांगू नकोस, आई. स्नूकवर जर्दाळूचा मुरंबा फासतात, वर धूर. लाल वाईनबरोबर तो मासा लोखंड चाटल्यासारखा लागतो. स्टीन दे म्हणावं. पांढरी, थोडी गोडसर, गार.” मी विचारलं, जन्मात थेंब न घेतलेल्या बाईला हे कुणी शिकवलं? तिने कागद सरळ केला. मग म्हणाली, “बाबांनी. शुद्धीत असले की सांगायचे.” त्याला मातीत ठेवल्यापासून ‘बाबा’ हा शब्द या घरात मी पहिल्यांदा ऐकला. तेव्हा स्टीन. तिचं खरं आहे, मला ते आधीच माहीत होतं.

आता पत्र हिच्याच हातून का, ते सांगते. शेजारची शाळेत जाणारी पोर मला हवं ते लिहून देते, शिवाय अक्षर हिच्याहून बरं. पण आईने तुला वाईनबद्दल लिहिताना काय काय गिळलं, ते तिच्याच हातून तुझ्यापर्यंत यायला हवं होतं. मला लिहिता येत नाही याचा असा उपयोग आयुष्यात प्रथमच झाला. शेवटी मी सांगितलं, लिही, शनिवारी मी येते, डॅन्टीच्या गाडीतून. मग म्हटलं, वाच बघू. तिने वाचलं, “शनिवारी आम्ही दोघी येतो. एका पेल्यात पाणी ठेव.” मी काही तिची चूक दुरुस्त केली नाही.

तुझीच,
सिना आजी