भाद्रपदातला पोळा

आबा, आज आपल्याकडं पोळा आहे आणि इथं मस्कतमध्ये तो कुणाच्या गावीही नाही. पहाटे कॅम्पची बस आली, आम्ही तिच्यात नेहमीसारखे कोंबले गेलो आणि दिवसभर बांधकामाच्या परांचीचे लोखंडी पाइप खांद्यावरून वाहिले. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी या दिवशी तुमच्याशी बोलल्याशिवाय मला घास गिळवत नाही. पहिल्या वर्षी पोळ्याला मी इथं कसा अडकलो ते तुम्हाला सांगायचं राहिलंय. ऐकून तुम्ही आधी पोट धरून हसला असता.

त्याच्या कितीतरी आधीचा, गावातला एक पोळा आठवतो. मी दहावीत असेन. पठारावरच्या वावरात बटाटा काढून ढीग लावलेला, मंचरच्या शेटचा ट्रक डांबरी रस्त्यावर उभा, आणि चिखल एवढा की बैलगाडीशिवाय माल तिथवर जायचा नाही. शेट स्वतः वावरात येऊन तुमची मनधरणी करतात. घराणं मारवाडातलं, पण बोलणं आपल्यासारखंच. दोन खेपांचं तर काम, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटतं आणि मी शहाणपणा करून जू उचलतो. आदल्या संध्याकाळी आपण दोघांनी बैलांचे खांदे तूपहळदीनं मळले होते, ती हळद अजून पिवळी दिसत होती. तुम्ही ओरडला नाहीत. "आजच्या दिशी त्यांच्या खांद्याव माशीबी बसू द्याची न्हाई," एवढंच म्हणालात, "आन तू जू ठिवतो?" शेट हसत चहाला बसले आणि ट्रक दुसऱ्या दिवसापर्यंत थांबला.

तुम्ही गेलात तेव्हा मला इथं येऊन जेमतेम काही महिने झाले होते. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, आणि दोन वर्षं भरल्याशिवाय सुट्टी नाही. तुमच्या दहाव्यालाही मी पोचलो नाही. मग आई गावातल्या एसटीडीवरून बोलली. "बैलांचं आता कोन करनार? पोळा झाला की इकून टाकू. तवर तू ये, त्यांचं खांदं तुझ्या हातानं मळ." मला तेवढंच हवं होतं. साहेबाकडं शब्द टाकायचा तो फोरमननं, आणि आमचा फोरमन वर्ध्याकडचा. मराठी माणूस म्हणून मी हुरळून गेलो. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. "पोळा तं मांगच्या अमावस्येले झाला बाप्पा. मले बनवतं काय?" आणि ते खोटं नव्हतं. श्रावणातल्या अमावस्येला त्यानं कणकेचे बैल करून पुजले होते, मलाही पुरणपोळी खाऊ घातली होती. आमच्या जुन्नर-आंबेगावात पोळा भाद्रपदात असतो, हे मी त्याला परोपरीनं सांगितलं. त्याला वाटलं, सुट्टीसाठी या गड्यानं सणच महिनाभर पुढं ढकलला. त्यानं पुढच्या अमावस्येवर बोट ठेवलं. "हे पाय, इथं सर्वपित्री लिवली हाये. हा दिवस मेलेल्या माणसाईचा." त्या माणसांत यंदा माझा बापही आहे, एवढं सांगायला हवं होतं. मी कामावर परत गेलो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मी मोरीची कडी लावली आणि स्वतःच्याच खांद्यांना तूपहळद चोळली. पाइपांनी कातडं सोललं होतं, ते चांगलंच झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्याच खांद्यांवर पुन्हा पाइप. तुमच्या बैलांना वर्षातून एक दिवस तरी मोकळा मिळायचा. मला त्यांचा हेवा वाटला, आबा, खरोखर वाटला. पुढच्या बाजाराला आईनं त्यांना विकलं.

आता पासपोर्ट माझ्याच पेटीत असतो. साहेब बदलला, मागितली की सुट्टी देतो. आई मात्र दरवर्षी विचारते, पोळ्याला येतोस का, आणि मी सांगतो की कंपनी सोडत नाही. ती बिचारी कंपनीला शिव्या घालते. हे पत्रही त्याच पेटीत राहील, म्हणून तुम्हाला सांगतो, त्या वर्षानंतर पोळ्यासाठी मी सुट्टी मागितलेलीच नाही. उन्हाळ्यात घरी जातो तेव्हा गोठा रिकामा असतो, पण बैल वावरात गेले असतील अशी मनाची समजूत घालता येते. पोळ्याच्या दिवशी ते गोठ्यातच असायला हवेत, आणि त्यांच्याशेजारी तुम्ही.